भावाच्या लग्नात मी ४ मिनिटं बोलले, त्याचा अनुभव

मी शाळेत इतिहास शिकवते. रोज ४० मुलांसमोर उभं राहून बोलणं हेच माझं काम, त्यामुळे धाकट्या भावाने लग्नाच्या दीड महिना आधी फोन करून "ताई, त्या दिवशी तू बोलायचंस, दुसरं कोणी नको" असं म्हटलं तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता हो म्हणून टाकलं. स्टेजची भीती मला नाहीच. फोन ठेवला, म्हटलं चला सुरुवात तरी जुळवून बघू, आणि एकटीच खोलीत मोठ्याने म्हणाले, "हा माझ्यापेक्षा ७ वर्षांनी लहान..." आणि पुढचा शब्दच फुटेना. गळा दाटून आला, डोळे भरले. समोर कोणी नव्हतं तरी ही अवस्था, मग त्या दिवशी तो समोर बसलेला असताना माझं काय होणार?

लग्नात बोलायचं म्हटलं की सगळे सल्ले देतात ते भीती घालवण्याचे. माझा प्रश्न वेगळाच होता, मला रडू येणार होतं. आणि शोधायला लागले तेव्हा कळलं की असं होणारी मी एकटी नाही, कितीतरी जण फक्त या कारणामुळे बोलायचं टाळतात, आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्या मनात राहतं की आपण बोलायला हवं होतं. त्यांच्यासाठीच हे सगळं सविस्तर लिहितेय.

पहिला मसुदा मी दोन रात्री बसून लिहिला. साधारण ११०० शब्द. त्याचं लहानपण, त्याचं आजारपण, कॉलेज, पहिली नोकरी, सगळं त्यात. मोबाईलवर वेळ लावून मोठ्याने वाचला तर १० मिनिटांच्या वर गेला, तेही रडू आल्यावर थांबले तो वेळ सोडून. नवऱ्याला वाचून दाखवला. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "यात ती कुठेय?" नवरी! अख्ख्या भाषणात तिचं नाव एकदा आलं होतं, तेही शेवटच्या वाक्यात. मला फार लागलं ते, कारण मला ती मनापासून आवडते, पण मी लिहायला बसले ती माझा भाऊ आता जाणार या भावनेने बसले होते, आणि ते कागदावर जसंच्या तसं उतरलं होतं. ती त्या दिवशी आमच्या घरच्यांसमोर बसून हे ऐकणार आणि तिला वाटणार की या कुटुंबाच्या गोष्टीत आपल्याला जागाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिलाच फोन केला. सरळ सांगितलं की मी बोलणार आहे आणि मला तुझ्या नजरेतून तो कसा आहे ते ऐकायचंय. ती आधी संकोचली, मग अर्धा तास बोलली. त्यातली एक गोष्ट मी उचलली (उचलू का असं विचारून, हे महत्त्वाचं). ओळख होऊन थोडेच दिवस झाले होते, तिचा एक मोठा इंटरव्ह्यू होता, आणि हा सकाळी साडेपाचला तिला फोन करून फक्त "उठलीस का?" एवढंच विचारून फोन ठेवून द्यायचा, असं सलग ४ दिवस, कारण ती एकदा सहज बोलून गेली होती की मला अलार्म ऐकूच येत नाही.

मी फोनवर गप्पच झाले. कारण माझ्याकडेही एक अलार्मची गोष्ट होती.

मी १८ वर्षांची असताना शिकायला बाहेरगावी हॉस्टेलवर गेले. तो ११ वर्षांचा. पहिल्या पहाटे साडेपाचला बॅगेतून घंटी वाजायला लागली, खोलीतल्या सगळ्या मुली उठल्या, मी कपडे उपसत बसले तर तळाशी, स्वेटरच्या बाहीत गुंडाळून ठेवलेलं त्याचं घड्याळ. निळं, चावीचं, एका कानाला टवका गेलेलं. मला सकाळी जाग येत नाही हे त्याला माहीत होतं. नंतर आईकडून कळलं की तो आठवडाभर शाळेत उशिरा पोचत होता, बाईंची बोलणी खात होता, आणि घड्याळ कुठे गेलं विचारलं तर माहीत नाही म्हणत होता.

तर मला सापडलं. अकराव्या वर्षी त्याने मला उठवलं, आणि इतक्या वर्षांनी तो तिला उठवत होता. बाकीचं सगळं गळून पडलं. आजारपण काढलं (ते त्याचं खासगी आहे, २०० लोकांसमोर सांगायचा मला हक्क नाही), नोकरीचं काढलं, "सर्वगुणसंपन्न", "दुधात साखर" असले शब्द काढले, कारण ते कोणाच्याही लग्नात कोणीही बोलू शकतं. इतिहासाच्या तासाला मी दरवर्षी मुलांना गेटिसबर्गचं भाषण सांगते, १८६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन बोलले ते जेमतेम २७० शब्द, दोन-तीन मिनिटांचं काम, आणि त्यांच्या आधी एडवर्ड एव्हरेट हे नावाजलेले वक्ते दोन तास बोलले होते. दुसऱ्याच दिवशी एव्हरेटनी लिंकनना पत्र लिहून कळवलं की तुम्ही दोन मिनिटांत मुद्द्याच्या जितकं जवळ गेलात तितकं मला दोन तासांत जाता आलं असतं तर मी धन्य झालो असतो. मुलांना इतकी वर्षं सांगत आले, स्वतःला लावायची वेळ आता आली. शेवटचा मसुदा ४३० शब्दांचा झाला. थांबत थांबत बोललं की बरोबर ४ मिनिटं.

आता रडण्याचं. एक वाक्य होतं, "घड्याळ त्याने मला दिलं, आणि उशिरा तो पोचत राहिला." इथे मी दरवेळी मोडायचे. मोठी बहीण असल्याने सगळ्यांनी मायेने सांगितलं की ते वाक्य काढून टाक, कशाला स्वतःला त्रास. मी दोन दिवस काढलंही. पण ते काढलं की भाषणातला जीवच जायचा, नुसती माहिती उरायची. तेव्हा ठरवलं की वाक्य राहील, मीच त्याची सवय करून घेईन.

माझी एक मैत्रीण डॉक्टर आहे, तिने मला गळ्यात गोळा का येतो ते समजावलं. मन भरून आलं की शरीर जास्त हवा आत घेता यावी म्हणून स्वरयंत्राची फट उघडी ठेवायला बघतं, आणि आपण आवंढा गिळायला जातो तेव्हा तीच फट मिटावी लागते, त्या ओढाताणीचा तो गोळा. ती म्हणाली, त्या क्षणी जोर लावून बोलायला गेलीस की आवाज फाटणार, त्यापेक्षा थांब, पाण्याचा एक घोट घे, श्वास हळूहळू बाहेर सोड, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दे, आणि मग बोल. ऐकायला किती साधं आहे. पण कारण कळल्यावर माझी धास्ती निम्म्याने कमी झाली, कारण आता तो गोळा म्हणजे माझा कमकुवतपणा राहिला नाही, शरीराची एक क्रिया झाली जी थोडा वेळ दिला की ओसरते.

मग सराव. पूर्ण भाषणाचा नाही, त्या एका वाक्याचा. कपडे वाळत घालताना, जिना चढताना, शाळेतून चालत येताना. रोज निदान १० वेळा, मोठ्याने. मनातल्या मनात म्हणून उपयोग होत नाही, कारण मनात गळा दाटत नाही, तोंडाने म्हटलं तरच दाटतो. पहिले ४-५ दिवस दरवेळी डोळे भरले. आठव्या दिवशी एकदा पूर्ण वाक्य कोरडं निघालं आणि मला उलट वाईट वाटलं, की आता याचा अर्थच संपला की काय. तसं होत नाही. अर्थ तिथेच राहतो, फक्त जिभेला ती वाट माहीत होते. मग नवऱ्यासमोर म्हटलं, मग आईसमोर. आईसमोर परत रडले आणि आईही रडली, आणि खरं सांगते, ते रडणं लग्नाच्या आधी घरात होऊन गेलं हे फार बरं झालं.

कागदाबद्दल. मोबाईलवरून वाचायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं, स्क्रीन बंद होते, मध्येच कोणाचा फोन येतो, आणि डोळ्यात पाणी असेल तर बारीक अक्षर दिसत नाही. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाचे ५ तुकडे केले, वर ठळक नंबर घातले, मोठ्या अक्षरात काळ्या पेनने लिहिलं, कोपऱ्यात भोक पाडून दोरा ओवला म्हणजे पडले तरी क्रम बिघडणार नाही. चौथ्या कार्डावर त्या वाक्याच्या आधी पेन्सिलने एकच शब्द लिहिला, "श्वास".

आदल्या दिवशी हॉलवर जाऊन माईकवर दोन मिनिटं बोलून बघितलं. हे सगळ्यांनी करावं असं मला फार वाटतं. रिकाम्या हॉलमध्ये आपलाच आवाज मागून परत येतो आणि आपण त्याच्याशी शर्यत लावल्यासारखं भराभर बोलायला लागतो, तेव्हा हळू बोलायचं हे तिथेच कळलं. साउंडवाल्या दादांनी माईक हनुवटीच्या थोडा खाली आणि ४ बोटांवर धरायला शिकवला, आणि स्पीकरच्या समोर जाऊ नका, तोच आवाज माईकमध्ये परत शिरतो आणि शिट्टी वाजते, हेही सांगितलं.

प्रत्यक्ष दिवशी सूत्रसंचालकांनी माझं नाव ठरलेल्या वेळेच्या बरंच आधी पुकारलं. मी शेवटच्या रांगेत एका मामींशी बोलत होते. कार्डं पर्समध्ये, पर्स आईकडे. धावत जाऊन घेतली, स्टेजवर चढले तेव्हा धाप लागलेली. हात थरथरत होते. सगळे म्हणत होते शांत राहा, शांत राहा, पण छाती धडधडत असताना शांत कसं राहायचं हे कोणी सांगत नाही. २०१४ साली हार्वर्डमधल्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांचा एक अभ्यास आला होता, त्यात बोलण्याआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मी उत्सुक आहे" म्हणणारे जास्त चांगलं बोलले, कारण धडधड दोन्हीकडे सारखीच असते, फक्त नाव बदलायचं. तो मी सरावाच्या दिवसांत वाचला होता. पायऱ्या चढताना मी स्वतःशी म्हटलं, मला माझ्या भावाबद्दल सांगायचंय, मला हे सांगायची घाई झालीय. आणि ते खरंच होतं.

पहिलं वाक्य बोलले तर माईक बंद. खटका खाली होता. पुढच्या दोन रांगा सोडून कोणालाच ऐकू गेलं नाही. खटका वर केला, दोन सेकंद थांबले, आणि तेच वाक्य पहिल्यापासून परत म्हटलं. कोणाला काही वाटलं नाही.

मी दोघांकडेच बघून बोलत होते. हॉलकडे बघायचं असं मुद्दाम ठरवलंच नव्हतं, या दोघांना सांगायचंय, बाकीचे ऐकताहेत, एवढंच डोक्यात. घड्याळाचा विषय निघाला तशी त्याने मान खाली घातली. त्याला कल्पनाच नव्हती की आईने मला शाळेतल्या उशिराचं सांगितलंय, इतक्या वर्षांत हा विषय आमच्यात कधीच निघाला नव्हता. चौथं कार्ड आलं. "श्वास" वाचलं आणि गळा दाटला, एवढा सराव करूनही. मी थांबले. घोटभर पाणी प्यायले. श्वास सोडला. मला ते एक-दोन मिनिटांचं थांबणं वाटलं, वाटलं लोक आता कुजबुजणार. मग वाक्य म्हटलं, आवाज थोडा ओला होता पण फाटला नाही, आणि पुढे लगेच तिची साडेपाचच्या फोनची गोष्ट सांगितली. लोक हसले, तिने त्याचा हात धरला, आणि मी शेवटच्या कार्डावरची ३ वाक्यं म्हणून खाली उतरले.

नंतर व्हिडिओ बघितला. ते थांबणं फक्त ६ सेकंदांचं होतं. हाताची थरथर कुठे दिसतच नाही, मी तीनदा बघितला तरी दिसली नाही. आपल्या मनात जे चाललंय ते समोरच्याला लख्ख दिसतंय असं बोलणाऱ्याला वाटतं आणि ते तितकं दिसत नसतं, सवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यावर प्रयोग केले होते, आणि ही गोष्ट आधीच सांगितलेले लोक भाषण जास्त चांगलं करतात असंही त्यांना दिसलं होतं. हे मला आधी कळायला हवं होतं, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

चार दिवसांनी दोघं घरी आले. त्याने कार्डं मागितली, ठेवायला. मी दोऱ्यासकट देऊन टाकली. तो एकेक वाचत गेला, चौथ्यावर थांबला, म्हणाला, "ताई, हे 'श्वास' तू म्हटलंच नाहीस."

म्हटलं, ते माझ्यासाठी होतं.