देखावे

मावशीचा फोन तुडुंब भरला. नातवाचा फोटो काढायला गेलं की जागाच नाही म्हणतो, ही तिची तक्रार. रविवारी जेवणं उरकल्यावर तिनं तो माझ्या हातात दिला आणि आत आडवं व्हायला जाता जाता बजावलं, "काय पुसायचं ते पूस, फक्त देवाचे नको हं काढूस."

सांगलीतली एप्रिलची दुपार. पंखा नुसताच गरगरत होता. झोपाळ्यावर बसून मी गॅलरी उघडली. 6,412 फोटो. त्यात घरची माणसं असलेले दोनशेसुद्धा नसतील. एक गॅसच्या पुस्तकाचा, एक रक्ताच्या रिपोर्टचा, चार तिच्या स्वतःच्या अंगठ्याचे. बाकी सगळी फुलं.

भारतातल्या लोकांचे फोन इतक्या लवकर का भरतात, हे शोधताना गूगलच्या संशोधकांनाही शेवटी हीच फुलं सापडली होती म्हणे. 2017 च्या डिसेंबरात त्यांनी साफसफाईचं एक ॲपही काढलं. मावशीला ॲप नको, भाची हवी.

पुसायला लागले आणि पाचव्या मिनिटाला अडकले. गणपती होता, पण हॉलंडमधल्या ट्युलिपच्या शेतात बसलेला. मागे पवनचक्की, वर 'शुभ सकाळ', खाली 'आजचा दिवस मंगलमय जावो'. आता हा देवाचा धरायचा की फुलांचा? तो बाजूला ठेवून पुढे गेले. मॅपलची लालभडक पानं आणि त्यावर गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा. तळ्यातली हंसांची जोडी आणि संकष्टी. एका धुकट बागेतलं लाकडी बाकडं तर निदान पन्नास वेळा आलं होतं. आमच्या घराण्यातलं कुणी अशा बाकड्यावर कधी बसलं असेल असं वाटत नाही. आम्ही बसतो ते एसटी स्टँडवर, आणि तिथं बाकड्याच्या वर स्थानिक नगरसेवकाचं नाव असतं.

मग एक फोटो असा आला की बोट थांबलं. हिरवीगार टेकडी, निळं आभाळ, पांढरे ढग, बाकी काही नाही. विंडोज एक्सपी! 2002-03 साली आमच्याकडच्या सायबर कॅफेत दहाच्या दहा कॉम्प्युटरवर हीच टेकडी असायची. तासाचे पैसे मोजून बसल्यावर पहिली दोन मिनिटं नुसतं तिच्याकडेच बघावं लागे, कारण बाकी काही उघडतच नसे. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात 1996 च्या जानेवारीत चार्ल्स ओरिअर नावाच्या छायाचित्रकाराला गाडीनं जाताना ती दिसली, आणि त्यानं थांबून फोटो काढला. तिथं एरवी द्राक्षांचे मळे. रोगानं वेली गेल्या, त्या उपटून टाकल्या, म्हणून त्या वर्षी तिथं नुसतं गवत होतं. जगातल्या सगळ्यात जास्त बघितल्या गेलेल्या फोटोंपैकी एक, आणि तो मुळात कुणाच्या तरी गेलेल्या बागेचा. हे तासगावच्या माणसाला सांगितलं तर तो ढगांकडे बघणारही नाही, आधी विचारेल, विमा होता का? मावशीकडे त्या टेकडीवर लिहिलं होतं: 'माणुसकी जपा, पैसा येतो आणि जातो.'

खरं तर हे काही नवीन नाही. लहानपणी आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागं किराणा दुकानातून मिळालेलं कॅलेंडर असे. वर पत्र्याची पट्टी, मधे भोक, त्यातून ओवलेला सुतळीचा तुकडा. चित्र बहुतेकदा बर्फाच्या डोंगराचं. पायथ्याशी निळं तळं, लाल छपराचं घर, घराच्या खिडकीत फुलांच्या कुंड्या. आणि त्याच्या बरोब्बर खाली, तळ्याच्या पाण्याला लागून, 'किराणा व भुसार मालाचे व्यापारी, आमचे येथे उत्तम प्रतीची तूरडाळ मिळेल'. त्याखाली एकादश्या, चतुर्थ्या आणि आईनं पेन्सिलीनं मांडलेले दुधाचे खाडे. त्या डोंगरावर आमच्या घरी वाद होत. आजीच्या मते ते महाबळेश्वर. काकांना सगळं सुंदर ते काश्मीर वाटे. वडील ठामपणे स्वित्झर्लंड म्हणत, पण ते त्यांचं फक्त धोरण होतं, माहिती नव्हती. वर्ष संपलं की बिनकामाचे आकडे कापून तेवढं चित्र आम्ही भिंतीला चिकटवायचो, आणि ते भिंतीवर शोभेनासं झालं की उलटं करून त्याचंच वहीला कव्हर. माझ्या भूगोलाच्या वहीच्या पोटात कितीतरी वर्षं आल्प्स होता.

चित्र लांबचं, अक्षरं आपली. हे आमच्या डोळ्यांना इतकं सवयीचं होतं की त्यात काही विसंगत आहे असं कधी मनातच आलं नाही.

आणि फॉरवर्डचं म्हणाल तर तेही आलं होतं, पोस्टातून. सहावीत असताना एक दिवस कार्ड आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. देवीच्या कृपेनं अमक्याला लॉटरी लागली, तमक्यानं कार्ड फाडलं तर त्याचा मुलगा आजारी पडला, सबब हे पत्र मिळाल्यापासून नऊ दिवसांत 11 जणांना पाठवावे. वडिलांनी वाचून दाखवलं, "पोस्टखात्याची चांदी," म्हणाले आणि पेपर उघडला. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वडील कामावर गेल्यावर तिनं मला पावणेदोन रुपये दिले. 15 पैशांना कार्ड मिळायचं. अकराचे एक रुपया पासष्ट पैसे, वरच्या दहाचं काहीही घे, पण बाबांना सांगू नकोस.

माझं अक्षर चांगलं, म्हणून हा मान माझा. माजघरात पाट उलटा घालून त्यावर मी लिहायला बसले. आई शेजारी तांदूळ निवडत होती आणि कुणाकुणाला पाठवायचं त्याची यादी जुळवत होती. जवळच्यांना नको, त्यांना त्रास. फार लांबच्यांना नको, पत्ता चुकला तर मोजतीत धरतील की नाही कोण जाणे. शेवटी न पटणाऱ्या नातेवाइकांवर तडजोड झाली. पाच कार्डं मी इमानदारीत उतरवली. सहाव्याला हात दुखायला लागला आणि त्या लॉटरीवाल्याचा कंटाळाही आला. तेव्हा त्याला काढून टाकलं आणि लिहिलं, 'सांगलीतील एक मुलगी गणितात पहिली आली.' पुढच्या पाचही कार्डांत तीच मुलगी. आईनं वाचून बघितलं नाही. ती कार्डं कुठं कुठं गेली, त्यांची पुढं किती कार्डं झाली, आणि त्यातली किती लोकांनी खरी मानली, देव जाणे. मला त्या वर्षी गणितात 37 पडले.

चारच्या सुमाराला मावशी उठली. चहा टाकता टाकता विचारलं, "झाली का जागा?"

"होतेय. तू रोज किती जणांना पाठवतेस गं हे?"

"चौतीस. पहिलं न्यू जर्सीला, धाकट्याला."

"तिकडे संध्याकाळ असते की तेव्हा."

"असू दे. माझी सकाळ असते ना!" तिनं आलं ठेचलं. "पण हल्ली फार वेळ जातो बघ. पूर्वी एकदम सगळ्यांना जायचं. मग पाच-पाच करून जायला लागलं. आणि ते दोन बाणवाले तर एकेकालाच जातात, हट्टी असतात. पाचच का गं ठेवलं असेल?"

मला माहीत होतं.

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, गावचा बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले होते, मंगळवेढ्याकडून पोट भरायला निघालेले. हे लोक आमच्या दारातही यायचे. डौर वाजायला लागला की आजी मला पसाभर जोंधळे घेऊन पिटाळायची. राईनपाड्यात त्या दिवशी मुलं पळवणारी टोळी आली अशी हाकाटी झाली. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं, पाचही जणांना.

त्या उन्हाळ्यात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवर दोघं येतात, रस्त्यावर खेळणारं पोर उचलतात आणि निघून जातात. तो कराचीत केलेला होता, मुलांना सांभाळा हे सांगण्यासाठी. मूळ फितीत ते दोघं परत येतात, पोर खाली उतरवतात आणि एक फलक दाखवतात. फलकाचा भाग कुणीतरी कापला. ओळीनं निजवलेल्या मुलांची चित्रंही फिरत होती. ती सीरियातल्या घौताची, 2013 च्या विषारी वायूच्या हल्ल्यातली. त्याखाली आपल्या भाषेत लिहिलेलं असे की आपल्या भागात टोळी उतरली आहे.

जुलै संपायच्या आत व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्डला पाचाची मर्यादा घातली. पुढच्या जानेवारीत ती जगभर लागू झाली. न्यू जर्सीच्या धाकट्यालाही.

तो मोटारसायकलचा व्हिडिओ मलाही आला होता. मावशीनंच पाठवला होता, 'पोरांना एकटं सोडू नका गं' असं खाली लिहून. मी अंगठा दाखवला होता. मग शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला होता, कारण कुणीतरी टाकायला हवा असं वाटलं. तिथं तो पाठवताना वर एक ओळ माझी घातली होती. काय ती आता आठवत नाही. अक्षर चांगलं असण्याचा तिथं काही संबंध नव्हता.

"असेल काहीतरी नियम," मी मावशीला म्हटलं.

"नियमच मेले," ती म्हणाली आणि कप पुढं केला.

चार हजार फोटो पुसून झाले होते. फोन गरम झाला होता. पवनचक्कीखालचा गणपती अजून तसाच होता, आणि त्याचं काय करायचं ते मला ठरवता येत नव्हतं.