महाडला नुसता चहा?

रायगडची सहल निघाली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळापत्रक फिरतं आणि त्यात महाड एकाच कामासाठी असतं: परतीचा चहा. यंदा मी त्या ओळीत ‘चवदार तळं’ घुसवलं. मेहुण्याचा लगेच फोन. “भावजी, तिथं बघायला काय आहे? तळंच ना?” घासाघीस होऊन वीस मिनिटं पदरात पडली.

शनिवार रायगडात गेला. म्हणजे खरं तर हिरकणीवाडीला रोपवेच्या रांगेत गेला. वर जायला काही मिनिटं लागतात, पाळी यायला अर्धा दिवस. गुडघे धड असतील तर सुट्टीच्या दिवशी सरळ पायऱ्या चढा. जगदीश्वराच्या देवळाजवळच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर’ म्हणून हिरोजींनी आपलं नाव कोरलंय. गड बांधणाऱ्या माणसाने जागा मागून घेतली ती पायरीची! पण सेल्फीवाल्यांच्या गर्दीत ते वाचायला वाकायचीही सोय नव्हती. याउलट खाली पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी शुकशुकाट. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, आऊसाहेब गेल्या १७ जूनला. गडावर तोबा गर्दी आणि इथे आम्ही पाच जण. मला राग आला आणि बरंही वाटलं.

रविवारी महाड. तळं गावाच्या मधोमध, चहूकडे रहदारी, घरं, दुकानं. ‘भव्य’ बघायला आलेल्याची निराशा होणार. मेहुणा घड्याळ बघत होता. तेवढ्यात एका टेम्पो ट्रॅव्हलरमधून विदर्भाकडची मंडळी उतरली. त्यांच्यातली एक आजी नातवाचा हात धरून पार पाण्यापर्यंत उतरली. प्यायच्या पाण्याची बाटली तिने पायरीवर ओतून रिकामी केली आणि तळ्याच्या पाण्यात बुडवली. पाणी हिरवट होतं. नातू वैतागला. “आजी, हे पिणार आहेस का तू?”

“पियाले नाही रे. तुह्या आजोबाच्या बापाले इथं यायचं होतं. राह्यलं त्याचं.”

बूच लावून तिने बाटली पदराने पुसली. मी तिथेच बसलो.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा समाजसुधारक सी. के. बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळात, १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, मागून हजारो जणांनी घेतलं, आणि त्याच दिवशी गावात लोकांना मारहाण झाली. पुढे १०८ घागरी पाणी काढून, शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. ज्या पाण्यावर गुरं येत होती ते माणसांनी बाटवलं म्हणे. शाळेत मला यातलं एक वाक्य शिकवलं होतं, तेही सनासकट पाठ करायला.

वीस मिनिटं कधीच उलटली होती. मेहुणा हाक मारायला आला आणि तोही बसला. “मग पुढे?” डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर विरोधक कोर्टात गेले. मनाईहुकूम आला. सत्याग्रह थांबला, पण २५ डिसेंबरला इथे महाडातच मनुस्मृती जाळली. तळं खाजगी असल्याचा दावा शेवटी हायकोर्टात टिकला नाही. तो निकाल १९३७ चा.

“दहा वर्षं? पाणी प्यायला?”

मनुस्मृती जाळली तिथला क्रांतिस्तंभ बघायचा राहिलाच, कारण बायकोला माणगावच्या ट्रॅफिकची धास्ती होती. ती खरी ठरली. तिथे आम्ही तळ्यावर बसलो त्याहून जास्त वेळ उभे होतो. पुढच्या वेळी मुक्काम महाडात करायचा आणि गडावर आडवारी जायचं, असा मेसेज मेहुण्याने गाडीतूनच ग्रुपवर टाकला. सासूबाईंचा त्यावर एकच प्रश्न आला, चहा कुठे घेणार?