रिपोर्ट तीन, नोंद एकच

कंपनीत ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांच्या नोंदी एकत्र ठेवणारी संगणक प्रणाली, बसवून झाली, सल्लागार मंडळी निघून गेली आणि ‘आता रिपोर्टचं तुम्ही बघा’ म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी मूळची हिशेब विभागातली. डेटाबेसमधून हवी ती माहिती काढण्यापुरतं शिकले होते, तेवढ्या भांडवलावर मी ‘सिस्टीमवाल्या मॅडम’ झाले.

पहिल्याच महिन्यात मी एक भलामोठा डॅशबोर्ड बनवला. शिल्लक माल, अडलेल्या ऑर्डरी, उत्पादन, विक्री, येणी, सगळं एकाच पडद्यावर. शॉप फ्लोअरच्या सुपरवायझरपासून संचालकांपर्यंत सगळ्यांना लिंक पाठवली. दोन आठवड्यांनी कोण किती वेळा उघडतंय ते तपासलं, तर सगळ्यात जास्त वेळा तो मीच उघडला होता.

सुपरवायझर स्पष्ट बोलला. “मॅडम, मागच्या तिमाहीची विक्री घेऊन मी काय करू? दोन वाजता पाळी बदलते. तेव्हा तीन नंबरच्या मशीनला माल आहे का, एवढं सांगा.” संचालकांनी शांतपणे पान परत केलं. “हे सगळं बरोबर असेल. पण यातलं मी काय ठरवायचं?”

मग थोडं वाचलं. व्यवस्थापनाचे अभ्यासक रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ मध्ये व्यवस्थापनाचे तीन थर मांडले होते: रोजच्या कामावरचं नियंत्रण, मधलं व्यवस्थापकीय नियंत्रण आणि वरचं धोरणात्मक नियोजन. गॉरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी १९७१ मध्ये त्यात भर घातली, की काही निर्णय ठरलेल्या नियमानं घेता येतात आणि काही तसे अजिबात घेता येत नाहीत, त्यामुळे त्यांना लागणारी माहितीही निराळी असते. खाली ताजी, बारीक आणि आतली माहिती लागते. वर ढोबळ चालते, पण बाहेरची लागते. मला खरं झोंबलं ते रसेल ॲकॉफ यांचं १९६७ मधलं म्हणणं: व्यवस्थापकांना माहिती कमी पडते त्यापेक्षा निरुपयोगी माहितीचा त्रास जास्त होतो. म्हणजे माझा डॅशबोर्ड.

तो बंद केला आणि वही घेऊन एकेकाकडे जाऊन बसले. ‘तुम्हाला कोणता रिपोर्ट हवा?’ असं विचारलं तर लोक जुन्याच रिपोर्टचं नाव सांगतात, हे एव्हाना कळलं होतं. म्हणून विचारायचे, “या आठवड्यात कोणता निर्णय घेतलात, आणि तेव्हा काय माहीत नव्हतं?”

सुपरवायझरचं काम एका दिवसात झालं. पाळी सुरू होण्याआधी त्या पाळीच्या कामांना लागणारा माल आणि स्टोअरमधली शिल्लक शेजारी शेजारी, कमी असेल ती ओळ लाल. बस्स.

घोळ निघाला मधल्या थरात. खरेदी व्यवस्थापकांना हवं होतं ते सरळ होतं: कोणता माल कधी मागवायचा. रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक सुरक्षित साठा. रोज ४० नग लागतात, माल यायला १२ दिवस आणि सुरक्षित साठा १०० नगांचा, तर शिल्लक ५८० वर आली की ऑर्डर टाकायची. पण सिस्टीम ७०० वरच ऑर्डर सुचवत होती. सूत्र चारदा तपासलं. सूत्रात काही चूक नव्हती. सिस्टीमच्या मते माल यायला १५ दिवस लागत होते.

उत्तर स्टोअरमध्ये सापडलं. गाडी यायची, घाईचा माल तसाच मशीनवर जायचा आणि जीआरएनची, म्हणजे माल मिळाल्याची, नोंद तीन-तीन दिवसांनी गठ्ठ्यानं व्हायची. सिस्टीम दिवस मोजायची ते ऑर्डरच्या तारखेपासून जीआरएनच्या तारखेपर्यंत. त्या तीन दिवसांपायी तिन्ही मजले हलले होते. खाली सुपरवायझरला शिल्लक उणे दिसे, म्हणून तो पडद्यावर विश्वास न ठेवता स्वतः जाऊन खोकी मोजे. मध्ये प्रत्येक ऑर्डर तीन दिवस लवकर जाई आणि १२० नग जास्तीचे पडून राहत. वर संचालकांच्या आलेखात ‘मालात अडकलेलं भांडवल’ चढत जाई आणि बैठकीत बोलणी खावी लागत ती खरेदीला.

स्टोअरकीपरला सगळे आळशी म्हणत. मी दोन दिवस त्याच्या शेजारी बसले. एका जीआरएनला अकरा रकाने, त्यातले बरेचसे खरेदी ऑर्डरमध्ये आधीच भरलेले. आणि एवढं टाइप करून त्याच्या हाती काय येई? काहीच नाही. कोणता माल कोणत्या रॅकवर आहे हे तो स्वतःच्या वहीत लिहायचा, कारण सिस्टीममध्ये त्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती. त्याच्या जागी मी असते तरी आधी वहीच भरली असती.

ऑर्डर नंबर टाकला की बाकीचे रकाने आपोआप भरतील अशी सोय करून घेतली. रॅकचा रकाना वाढवला. शिवाय ‘आज कोणता माल येणार’ ही यादी रोज सकाळी त्याच्या पडद्यावर येऊ लागली, म्हणजे जागा आधीच मोकळी करून ठेवता येई. दंड नाही, परिपत्रक नाही. काही आठवड्यांत नोंदी गाडी आली त्याच दिवशी होऊ लागल्या. मालाचे जुने दुहेरी कोड एकत्र करायला मात्र पुढे चार महिने गेले. त्या कंटाळवाण्या कामाबद्दल न बोललेलंच बरं.

संचालकांचं पान शेवटी घेतलं. जॉन रॉकार्ट यांनी १९७९ मध्ये सुचवलेली रीत वापरली: वरिष्ठांना आकड्यांबद्दल न विचारता, कोणत्या मोजक्या गोष्टी बिघडल्या तर धंदा अडचणीत येईल ते विचारायचं. त्यातून पाच ओळी निघाल्या. वेळेवर डिलिव्हरी, येणी किती दिवसांची, अडकलेलं भांडवल, कच्च्या मालाचा बाजारभाव, आणि सगळ्यात मोठ्या ग्राहकाचा एकूण ऑर्डरींतला वाटा. बाजारभाव सिस्टीममध्ये नव्हता, तो मी दर सोमवारी हातानं टाकते. पाचव्या ओळीचा डेटा मात्र पहिल्या दिवसापासून होता. विक्रीचा रिपोर्ट बरोबर, वसुलीचा बरोबर, उत्पादनाचाही बरोबर, पण आपण एकाच ग्राहकावर किती टेकलो आहोत हे कुठल्याच कागदावर येत नव्हतं. त्या ओळीवर संचालक बराच वेळ थांबले. त्या दिवशी बाकीच्या चार ओळींवर चर्चाच झाली नाही.

खरेदी व्यवस्थापक अजूनही सगळं एक्सेलमध्ये उतरवून घेतात. ‘भाव वाढला तर काय, पुरवठादार बदलला तर काय’ हे त्यांना स्वतः खेळून बघायचं असतं. आधी मला राग यायचा. आता त्यांना हवे तेवढे रकाने मीच काढून देते.

मागच्या महिन्यात स्टोअरकीपर माझ्या टेबलापाशी आला. “मॅडम, कोणाचा माल तपासणीत जास्त नापास होतो, याची पुरवठादारवार यादी निघेल का? परत पाठवायच्या मालानं दोन रॅक अडलेत.” हे खरं तर मधल्या थरानं विचारायला हवं होतं. यादी काढली, एक प्रत त्याला दिली आणि दुसरी खरेदीच्या बैठकीत ठेवली.