पाऊस यायच्या आत

आयुर्वेदिक आणि युनानी औषधांच्या एका कारखान्यासाठी मी कच्चा माल तपासते. डिंक, राळ, गुग्गुळ हे माझ्याकडचं खातं. त्यातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात भेसळीचा माल म्हणजे रुमी मस्तगी, एका झुडपाच्या सालीतून पाझरणारी राळ. जवारिश मस्तगीसारख्या पोटाच्या औषधात ती लागते. प्रयोगशाळेतल्या चाचण्या आहेतच, पण पहिली चाचणी तोंडात होते. खडा दाताखाली धरायचा. खरी मस्तगी आधी फुटते, जराशी कडवट लागते आणि थोड्याच वेळात मऊ होऊन पांढरी, चघळता येईल अशी गोळी होते. तिच्या नावावर खपवलेला संदरूस, म्हणजे दुसऱ्याच झाडाची राळ, असेल तर त्याचा भुगा होतो आणि भुगाच राहतो.

ही मस्तगी येते एजियन समुद्रातल्या खिओस नावाच्या ग्रीक बेटावरून, आणि तिथूनही फक्त दक्षिणेकडच्या चोवीस गावांमधून. तसं हे झुडूप भूमध्य समुद्राच्या काठाने सगळीकडे रानोमाळ वाढतं. समोर तुर्कस्तानचा किनारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, हवापाणी तेच. तरी व्यापारात चालेल अशी मस्तगी पिढ्यान्‌पिढ्या येते ती या गावांतूनच.

सप्टेंबरात कारखान्याने मला तिकडे पाठवलं. कामं दोन होती. माल मुळाशी जाऊन बघायचा, आणि उत्पादकांच्या संघाला वगळून थेट शेतकऱ्याकडून खरेदी जमते का याचा अंदाज घ्यायचा. दुसऱ्या कामासाठीच मुख्यतः माझं तिकीट निघालं होतं.

त्या दिवशी पिर्गी गावात माल कसा निवडतात ते बघायचं ठरलं होतं. स्थानिक कृषितज्ज्ञ असलेली एक तरुण मुलगी दुभाषी म्हणून सोबत होती. पिर्गीची घरं बघण्यासारखी आहेत. भिंतीवर काळसर वाळूचा गिलावा, त्यावर चुना, आणि चुना ओला असतानाच खरवडून काढलेले चौकोन, त्रिकोण, वर्तुळं. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळी भिंत नक्षीने भरलेली. सज्ज्यांवर छोट्या लाल टोमॅटोंच्या माळा वाळत घातलेल्या. आम्ही पोचलो तेव्हा मात्र चौकात चिटपाखरू नव्हतं. मुलीने फोनवर कुणाशी तरी घाईघाईने बोलणं केलं आणि मला म्हणाली, "दुपारी पाऊस सांगितलाय. सगळे शेतात गेलेत. आपणही जाऊ या."

या पावसाचा धाक का, ते कळायला मस्तगीचं वर्ष माहीत हवं. जूनमध्ये झाडाखालची जमीन झाडून, तण काढून सपाट करतात आणि त्यावर पांढरी, चुनखडीची बारीक माती पसरतात. जुलैच्या मध्यापासून सालीला बारीक चिरा देतात, जेमतेम सेंटिमीटरभर लांब आणि त्याहून कमी खोल. चिरेतून पाझरलेला चीक खाली पांढऱ्या मातीवर ठिबकतो आणि घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. तेवढा काळ तो उघड्यावर जमिनीवरच असतो. एका झाडाचं वर्षाचं उत्पन्न साधारण १५० ते १८० ग्रॅम. वेचणीआधी जोराची सर आली की खडे चिखलात जातात आणि उन्हाळाभराची मेहनत मातीमोल होते. एरवी ही वेचणी पहाटेच्या गारव्यात करतात, कारण ऊन चढलं की राळ मऊ होऊन हाताला चिकटते. त्या दिवशी गारव्याची वाट बघायला कुणाला वेळ नव्हता.

गावातून बाहेर पडताना वाट अशी की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं. वर कमानींनी एकमेकांना टेकलेली घरं. गावाच्या कडेच्या घरांना बाहेरच्या बाजूला पूर्वी खिडकी नसे, त्यांच्या पाठच्या भिंती हाच गावाचा तट. मध्ये बुरूज, आत-बाहेर करायला मोजकी दारं. मेस्ता नावाच्या शेजारच्या गावात ही रचना आजही जवळजवळ जशीच्या तशी आहे. पर्यटकांच्या पुस्तिका सांगतात की चाच्यांपासून बचाव म्हणून अशी गावं बांधली. ते खरं आहे, पण अर्धंच. १३४६ साली जेनोआच्या लोकांनी बेट घेतलं आणि 'माओना' नावाच्या भागीदार कंपनीने ते १५६६ पर्यंत चालवलं. मस्तगीचा व्यापार पूर्ण तिच्या मुठीत. कुणाच्या वाट्याला किती झाडं आणि त्याने किती माल द्यायचा ते ठरलेलं. चोरून विकणाऱ्याचे नाक-कान कापायचे, चोरी मोठी असेल तर फाशी. मोजकी दारं असली की बाहेरचा आत येत नाही, तसा आतला मालही बाहेर जात नाही. कोलंबसाने १४९३ च्या पत्रात नव्या भूमीत मस्तगी मिळेल अशी लालूच आपल्या राजाराणीला दाखवली, आणि ती आजवर फक्त खिओसमध्येच सापडते हेही लिहिलं. एवढी त्या मालाची किंमत होती. काढणाऱ्याच्या हाती त्यातलं फार थोडं पडत होतं.

शेतात पोचलो तर वेचणी जोरात चाललेली. झाडं माणसाच्या उंचीपेक्षा थोडी मोठी, खोडं पिळलेली. गुडघ्यांवर बसून बायका खोडावर गोठलेले थेंब लहान पात्याने अलगद सोडवत होत्या, पुरुष खालचा माल पाल्यासकट झाडून गोळा करत होते. संत इसिदोराला तिसऱ्या शतकात रोमनांनी मारलं तेव्हा ही झाडं रडली, अशी तिथली श्रद्धा आहे, आणि थेंबांना ते अश्रूच म्हणतात. मला कुणी पाहुणी म्हणून बसवून ठेवलं नाही. एका सत्तरी ओलांडलेल्या आजींनी हातात पातं दिलं, खोड दाखवलं आणि "साल दुखवू नकोस" एवढंच सांगितलं.

त्या खोडावरचे व्रण मी निरखून बघितले. वर्षानुवर्षांच्या चिरा, पण प्रत्येक भरून आलेली. माझ्या डोळ्यांसमोर मेळघाटातली सालई उभी राहिली. तिथे मी खरेदीच्या मोसमात जाते. सालईवर कुऱ्हाडीचे असे घाव बघितलेत की आतलं लाकूड उघडं पडलेलं, आणि दोन-तीन वर्षांत झाड वाळलेलं. डिंक काढणारा कोरकू माणूस अडाणी आहे म्हणून असं होत नाही. झाड त्याच्या नावावर नाही, उद्या तिथे कोण येऊन घाव घालेल याची त्याला खात्री नाही, आणि व्यापारी देईल तो भाव. मग आज निघेल तेवढं काढायचं, हा त्याचा हिशेब त्याच्या जागी चोख आहे.

दुपारी बाराच्या सुमारास पश्चिमेकडून ढग भरून आले. तेव्हा एक गोष्ट घडली. आजींचं शेत अर्ध्यावर होतं. त्यांच्या मुलाने पलीकडे हाक दिली, दोन-तीन शेतांतून माणसं उठली आणि आजींचं अर्धं शेत तसंच सोडून सगळे खालच्या अंगाच्या एका लहान शेतात गेले. ते शेत ज्याचं, तो जहाजावर इंजिनिअर. घरी बायको आणि तान्हं मूल. खिओसचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर, त्यामुळे असं घर गावात एखादंच नसतं. ज्या घरात हात कमी, तिथलं आधी वेचायचं. कुणी कुणाला समजावलं नाही की आभार मानले नाहीत. तासाभरात ते शेत झालं आणि सगळे परत वर आले. सर आली तेव्हा आजींच्या सात-आठ झाडांखालचा माल राहिला होता. तो गेला. आजींनी मान हलवली आणि टोपल्या झाकायला लावल्या.

संध्याकाळी त्यांच्या दारातल्या बोळात बसणं झालं. आधी पुढ्यात थंड पाण्याचा पेला आला, त्यात चमचाभर मस्तगीचा पांढरा गोड गोळा बुडवलेला. तो चमच्यावरच चाटायचा आणि वर ते पाणी प्यायचं. मग चाळण्या निघाल्या. माल आधी चाळायचा, पाला उडवायचा, साबणाच्या गार पाण्यात धुऊन वाळवायचा, आणि मग एकेक खडा हातात घेऊन टोकदार चाकूने चिकटलेली माती खरवडायची. हे काम हिवाळाभर चालतं आणि ते बहुतेक बायकांचं. बोळात खुर्च्या मांडून, गप्पा मारत. चाकू चालवता चालवता अख्ख्या गावाची खबरबात तिथे होते.

मी कारखान्याचा प्रश्न विचारला. आम्ही थोडा जास्त भाव दिला तर माल थेट आम्हाला द्याल का?

दुभाषी मुलगी क्षणभर घुटमळली, पण तिने विचारलं. चाकू थांबले नाहीत. आजी म्हणाल्या, "हिला सांग, माझ्या आजोबांनी थेटच विकला होता."

मग त्या बोलत राहिल्या. त्यांच्या आजोबांच्या काळी व्यापारी हिवाळ्यात घरखर्चाला उचल देत आणि उन्हाळ्यात माल त्यांच्या भावाने नेत. १९३० नंतरच्या मंदीत मालाला गिऱ्हाईकच उरलं नाही, भाव कोसळले, लोक झाडं उपटायच्या गोष्टी करू लागले. १९३८ मध्ये कायदा करून उत्पादकांचा संघ झाला. सभासदत्व सक्तीचं, माल सगळा संघाकडे. संघ प्रत वेगळी करतो, भाव ठरवतो, विकतो. "पहिल्यांदा सगळ्यांनी शिव्या घातल्या," आजी म्हणाल्या. "जेनोआवाले गेले, सुलतान गेला, आता हे आले, असं आजोबा म्हणायचे. मग पहिल्या वर्षी पैसे वेळेवर आले."

आजोबांची धास्ती समजण्यासारखी होती. १५६६ नंतर बेट उस्मानी सुलतानाकडे गेलं तेव्हा मालक बदलला, वेठ तीच राहिली. कर मस्तगीतच भरायचा. त्या बदल्यात या गावांना काही सवलती होत्या. त्या सवलतींचा खरा अर्थ १८२२ मध्ये कळला. ग्रीक उठावाचा सूड म्हणून सुलतानाच्या फौजेने खिओसवर हजारो माणसं कापली, हजारो गुलाम करून विकली. शहराजवळच्या कांबोसमधल्या संत्र्यांच्या बागा आणि त्यांतले वाडे ओस पडले. दक्षिणेतली मस्तगीची गावं बहुतांशी वाचली, कारण मस्तगी काढायला माणसं हवी होती. कत्तलीनंतर जी व्यापारी घराणी जगभर पांगली त्यांत रॅली होते, वऱ्हाड-खानदेशात कापूस खरेदी करणारे तेच रॅली ब्रदर्स. मी अमरावतीची आहे. ते नाव आमच्याकडे कीटकनाशकांच्या डब्यांवरून आजही घराघरांत माहीत आहे. त्याचं मूळ या बेटावर आहे हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

मी पुन्हा विचारलं, संघ कधी चुकत नाही का? भावावरून भांडणं होत नाहीत? सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या, दुभाषी मुलीला हात वर करावा लागला. भांडणं भरपूर. प्रत लावण्यावरून, पैसे उशिरा मिळाल्यावरून, निवडणुकीवरून. २०१२ च्या ऑगस्टमधल्या वणव्यात हजारो झाडं जळली तेव्हा नुकसानीवरून झालेली भांडणं अजून मिटलेली नाहीत. नवं झाड लावलं की उत्पन्नाला यायला पाचेक वर्षं, भरात यायला पंधरा. आजींची निम्मी झाडं त्या वणव्यात गेली होती. त्यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर नवी लावली.

"भांडायला दार आहे," शेजारची एक बाई म्हणाली. "जाऊन ठोठावता येतं. मत देता येतं. व्यापाऱ्याच्या दारात काय करणार होते आजोबा?"

यानंतर माझा प्रश्न पुन्हा विचारण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर विचारावासाही वाटत नव्हता. या गावांवर शतकानुशतकं जी मक्तेदारी लादलेली होती, तीच त्यांनी पुढे आपल्या हातात घेतली. सगळा माल एकाच वाटेने बाहेर जाणार, प्रत आणि भाव एकाच जागी ठरणार, हा नियम जेनोआवाल्यांचाही होता. फरक एवढाच की आता त्या वाटेवर बसलेला माणूस गावाने निवडलेला असतो. झाडाला हलकी चीर देणं, जहाजावरच्या माणसाचं शेत आधी वेचणं, हे सगळं मला त्याच एका गोष्टीला धरून दिसतं. २०१४ मध्ये मस्तगीच्या लागवडीची पारंपरिक विद्या युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली, २०१५ मध्ये युरोपीय औषध संस्थेने पोटाच्या किरकोळ तक्रारींवर आणि त्वचेच्या दाहावर पारंपरिक औषध म्हणून तिला मान्यता दिली. हे मान गावाला मिळाले ते विकणारं गाव एकत्र होतं म्हणून, असं माझं ठाम मत आहे.

परत आल्यावर मी अहवालात लिहिलं की थेट खरेदी शक्य नाही आणि ती करूही नये, संघाच्या भावाने आणि संघाच्या शिक्क्यानेच माल घ्यावा, भेसळीत जातं त्यापेक्षा ते स्वस्त पडेल. हे मान्य झालं. अहवालाला मी एक पुरवणीही जोडली होती, सालईबद्दल. वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाले आणि त्यानंतर कितीतरी ग्रामसभांनी आपला बांबू, आपला तेंदूपत्ता स्वतः लिलावात विकून दाखवला. मेळघाटात ज्या गावांकडे असे हक्क आहेत तिथून सालई डिंक ग्रामसभेमार्फत, प्रतवार भावाने घ्या, आणि कुऱ्हाडीऐवजी लहान पात्याने हलकी चीर देणाऱ्यांना वेगळा दर द्या, असं त्यात होतं. वेगळ्या दराला आमच्या खरेदी विभागाने यंदा होकार दिला आहे. ग्रामसभेमार्फत खरेदी अजून अडलेली आहे, आणि दर बैठकीत तो विषय मी पुन्हा मांडते.