तुम्ही विचारलंत म्हणून: हो की नाही, एवढंच सांगा

दिघीत सकाळी फिरायला निघालं की दोन वळणांच्या आत कुणीतरी गाठतंच. "सुभेदार, तुम्ही तर फौजेतले. हो की नाही एवढंच सांगा. युद्ध करायलाच हवं होतं ना?" पहलगामनंतर हे रोजचंच झालंय. मी गुडघ्याचं कारण सांगून सटकतो. मग पाठीमागे चर्चा, की पेन्शन सुरू झाली आणि म्हातारा मवाळ झाला. घरी मुलगी नेमकं उलट म्हणते, की बाबांची वर्दी अजून उतरली नाही. दोघांनाही एकदाच काय ते सांगून टाकतो.

आधी कबुली. 7 मे 2025ला सकाळी बातमी आली, रात्री आपल्या फौजेनं पाकिस्तानच्या बाजूला नऊ ठिकाणी हल्ले केले म्हणून. तेव्हा मी चहा टाकत होतो आणि माझी मूठ आपोआप आवळली गेली. पहलगामजवळच्या बैसरनला 26 माणसं मारली होती, त्यातली दोन आपल्या पुण्याची. त्या मुठीची मला लाज वाटत नाही. मग टीव्हीवर पूंछमधली घरं दिसायला लागली, तोफगोळ्यांनी फुटलेली. आपलीच माणसं. ती मूठ कुठं ठेवावी ते मात्र कळेना.

पण तुम्ही 2025चं विचारता आणि माझ्या डोक्यात 2001 सुरू होतं.

13 डिसेंबर 2001ला संसदेवर हल्ला झाला आणि महिनाअखेर आम्ही राजस्थानात सीमेवर होतो. मी हवालदार, इंजिनिअर्समधला. म्हणजे आमचं काम सुरुंग पेरायचं. हाडं गोठवणाऱ्या थंडीत लोकांच्या शेतांत पेरले. आठ दिवसांत पलीकडे जायचं, या हिशोबानं. आठवड्यांचे महिने झाले. मे महिन्यात जम्मूजवळ कालूचकला जवानांच्या बायकापोरांना मारलं, तेव्हा वाटलं, आता हुकूम आलाच. मी रेडिओसमोर बसून दिल्लीला घातलेल्या शिव्या इथं लिहिता येणार नाहीत. ऑक्टोबरात हुकूम आला तो माघारी फिरायचा. ऑपरेशन पराक्रम, म्हणजे सीमेवरची ही सगळी जमवाजमव, संपलं. आम्हाला सांगितलं, पेरलंय ते काढा.

पेरायला रात्र पुरते. काढायला पोटावर झोपावं लागतं. हातात प्रॉडर, म्हणजे एक टोकदार सळई. ती तिरकी खुपसायची, हळूहळू, बोटभर पुढे सरकायचं आणि परत खुपसायची. माणसासाठीचा सुरुंग बूटपॉलिशच्या डबीएवढा, बराचसा प्लास्टिकचा. वरून पाय पडला तरच बोलतो. प्रत्येक ओळीची नोंद कागदावर असते, त्यामुळे मोजून काढता येतात. पण वाळू नोंद वाचत नाही. वर्षभराच्या वाऱ्यानं ती सरकते आणि आतलं घेऊन सरकते.

त्या दिवशी एका ओळीत एक कमी निघाला. ऊन कलत होतं. माझ्या हाताखाली एक नाईक होता, मराठवाड्यातला, बोलायला फार गोड. मी त्याला म्हणालो, "टेप जरा तिकडं घे, उद्या तिथून सुरू करू." पांढरी टेप असते, अलीकडं साफ, पलीकडं नाही. तो "हो उस्ताद" म्हणाला आणि खुंटी उपटायला वाकला. मग एक पाऊल मागं घेतलं. साफ केलेल्या बाजूला.

आवाज फार मोठा नव्हता. सिनेमात दाखवतात तसं काहीच नाही. वाळूचा एक फवारा उडाला आणि तो खाली बसला. पडला नाही, बसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "उस्ताद, बूट गेला." बुटात घोटा होता.

वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की वाळू सरकली. ते खरंच आहे. टेप सरकवायला मी सांगितलं होतं, हेही खरं आहे. अर्धा तास उजेड होता. मीच जाऊन खुंटी काढू शकलो असतो.

तर तो पाय असा गेला, जे युद्ध झालंच नाही त्यात. म्हणून कुणी "युद्ध नको" एवढं सोपं करून सांगितलं की मला राग येतो. न झालेल्या युद्धाचीही किंमत असते, आणि ती कुणीतरी भरतो. आणि कुणी "घुसायचं होतं सरळ" म्हणालं की मला तेव्हाचा हवालदार दिसतो, रेडिओसमोरचा. तो म्हणतो, गेलो असतो तर संपलं असतं. मी विचारतो, काय संपलं असतं? 13 फेब्रुवारी 2010ला पुण्यात जर्मन बेकरीत बॅगेतल्या बॉम्बनं 17 माणसं गेली. ती बॅग काय रणगाड्यातून आली होती? तिथं खबरी लागतात, तपास लागतो, धीर लागतो. हवालदार हसतो. म्हणतो, तपासाचं काय झालं ते सांग. 2013ला एका आरोपीला फाशी सुनावली. 2016ला हायकोर्टात फाशीही गेली आणि स्फोटाचा ठपकाही गेला. उरली ती स्फोटकं बाळगल्याबद्दलची जन्मठेप. मग त्या 17 जणांच्या घरच्यांना कोणता धीर धरायला सांगशील? यावर मी गप्प बसतो. दरवेळी इथंच अडतं.

माझी मुलगी म्हणते, "बाबा, त्या नाईककाकांचंच उदाहरण द्या ना सगळ्यांना, युद्ध किती वाईट असतं ते कळेल." तिला वाटतं तसं ते उदाहरण नाही. तो दर काही वर्षांनी वानवडीला कृत्रिम अवयव केंद्रात पाय बदलायला येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी 1944 साली सुरू झालेली ती जागा अजून रिकामी पडलेली नाही. काम झालं की आमच्याकडे जेवतो. पाय काढून सोफ्याला टेकवून ठेवतो, नातू त्यावर टकटक करतो. एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "उस्ताद, तेव्हा आत जायला पाहिजे होतं. हा पाय तिकडं गेला असता तर काहीतरी कारणी लागला असता." त्याला मी काय सांगणार? टेपचं मी आजवर त्याला बोललेलो नाही. त्याला आठवत असेलच.

7 मेला त्याचा फोन आला. "बघितलं का?" म्हणाला. मी "बघितलं" म्हणालो. 10 तारखेला शस्त्रसंधी झाली, तेव्हा परत फोन. "परत थांबले, उस्ताद." मी काहीच बोललो नाही, तर त्यानंच विषय बदलला. पावसाळी हवेत खुंट सुजतो, सॉकेट काचतं, श्रावणात येतो म्हणाला, पुरणपोळी करायला सांगा.