मुलीची गाठ पुन्हा वाढली आणि जुने एमआरआय मिळेनात : माझा अनुभव

माझ्या मुलीच्या मेंदूतील क्रॅनिओफॅरिंजिओमा ही गाठ कर्करोगाची नाही. तरीही ती पोषग्रंथी (मेंदूच्या तळाशी असलेली, संप्रेरके तयार करणारी ग्रंथी), हायपोथॅलॅमस (तिच्यावर नियंत्रण ठेवणारा मेंदूचा भाग) आणि डोळ्यांच्या नसा यांना चिकटलेली असल्यामुळे शस्त्रक्रियेत तिचा थोडा भाग मुद्दाम ठेवावा लागला होता, आणि त्यातूनच ती पुन्हा वाढली. पुन्हा शस्त्रक्रिया, गाठीला लागून असलेल्या पिशवीतील द्रव काढण्यासाठी नळी, की किरणोपचार, हे तज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीत ठरणार होते.

ती बैठक अडली पहिल्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागापाशी. नव्या डॉक्टरांना जुन्या एमआरआयचा केवळ अहवाल पुरेसा नव्हता, मूळ प्रतिमा हव्या होत्या. कारण गाठीचा घन भाग वाढला आहे की नुसती द्रवाची पिशवी फुगली आहे, हे दोन्ही वेळच्या प्रतिमा शेजारी ठेवूनच नीट कळते. खिडकीवर मात्र प्रत्येक वेळी अहवालाची झेरॉक्स पुढे केली जाई. अर्ज ठरलेल्या नमुन्यात नाही, वडिलांचीही सही हवी, संबंधित कर्मचारी रजेवर आहेत, अशी सगळी कारणे संपल्यावर सीडी मिळाली, आणि तीत काँट्रास्टनंतरच्या (गाठ स्पष्ट दिसावी म्हणून शिरेतून औषध दिल्यावर काढलेल्या) प्रतिमाच नव्हत्या. मुलीला दोन्ही बाजूंच्या कडांचे दिसणे कमी होत असताना एका सीडीसाठी ताटकळावे लागले, याचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही. शेवटी मी थेट रेडिओलॉजी विभागात गेले आणि तेथील तंत्रज्ञांनी संपूर्ण संच त्याच दिवशी काढून दिला. म्हणून सीडी तेथेच उघडून तपासावी, आणि शस्त्रक्रियेची टिपणे व पॅथॉलॉजीच्या स्लाइड्सही त्याच अर्जात मागाव्यात.

पुढे किरणोपचार ठरले : आठवड्यातून 5 दिवस, दररोज 1.8 ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), एकूण 54 ग्रे. ते सुरळीत पार पडले. उपचार चालू असतानाही पिशवी फुगू शकते, त्यामुळे मधला एमआरआय केव्हा होणार, हे आधीच विचारून ठेवावे.

एक गोष्ट खरे तर आधीच सांगायला हवी होती. पोषग्रंथीला इजा झाल्यामुळे हायड्रोकॉर्टिसोन (शरीरात कमी पडणाऱ्या कॉर्टिसोल या संप्रेरकाऐवजी दिले जाणारे औषध) घेणाऱ्या मुलांना ताप आल्यास त्याची मात्रा वाढवावी लागते, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन तातडीने द्यावे लागते. हे लिहिलेले डॉक्टरांचे पत्र शाळेतही देऊन ठेवावे.