कॅसेट पाठवल्या कोणी?

‘काशे’ हा सिनेमा बघायला सांगितला की दुसऱ्या दिवशी फोन येतोच, आणि प्रश्नही ठरलेला : “पण कॅसेट पाठवल्या कोणी?” परवा माझ्या धाकट्या जावेने तर गॅसवर दूध ठेवून फोन केला. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. सिनेमा पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.

मिखाएल हानेके या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाचा हा २००५ सालचा फ्रेंच सिनेमा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला डीव्हीडी अडकलीय असंच वाटलं. पॅरिसमधली एक गल्ली, समोर एक घर. त्यावर बारीक अक्षरांत नावं उमटत राहतात, बाकी काही म्हणजे काही घडत नाही. कंटाळून रिमोट उचलला, तेवढ्यात चित्रावर आडव्या रेघा आल्या आणि गल्ली भराभर पळायला लागली. मी तर बटण दाबलंच नव्हतं! त्या घरातलं जोडपं कोणीतरी दाराशी निनावी ठेवलेली, त्यांच्याच घराची व्हिडिओ कॅसेट बघत होतं आणि मी त्यांच्यासोबत तीच बघत होते. सगळा सिनेमाच व्हिडिओवर चित्रित केलाय, त्यामुळे कॅसेट कुठली आणि सिनेमा कुठला हे नजरेला कळत नाही. पार्श्वसंगीतही नाही. पुढे कॅमेरा जरा कुठे स्थिरावला की माझ्या पोटात गोळा यायचा.

नवरा जॉर्ज, म्हणजे दान्येल ओतय, टीव्हीवर पुस्तकांवरचा कार्यक्रम करतो. बायको आन, ज्युलिएत बिनोश, प्रकाशनसंस्थेत आहे. कॅसेटांबरोबर लहान मुलाने काढावीत तशी चित्रंही येऊ लागतात : तोंडातून रक्त, मान कापलेला कोंबडा. जॉर्जला ती लगेच कळतात, पण तो बोलत नाही.

त्याच्या लहानपणी घरच्या शेतावर एक अल्जीरियन जोडपं कामाला होतं. १७ ऑक्टोबर १९६१ ला, अल्जीरियाचं फ्रान्सविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, पॅरिसमध्ये अल्जीरियन लोकांवर लादलेल्या संचारबंदीविरुद्ध मोर्चा निघाला. पोलिसप्रमुख होता मोरिस पापाँ. त्याच्या पोलिसांनी माणसं मारली, कित्येकांना सेन नदीत फेकलं. किती मेले यावर आजही वाद आहे. सरकारने १९९८ मध्ये चाळीसेक कबूल केले, इतिहासकारांचे आकडे दोनशेच्या पुढे जातात. ते जोडपं मोर्चाला गेलं ते परत आलंच नाही. मागे राहिलेल्या त्यांच्या मुलाला, मजीदला, जॉर्जचे आईवडील दत्तक घेणार होते. सहा वर्षांच्या जॉर्जला ते नको होतं. त्याने दोन थापा मारल्या, चित्रांतलं रक्त आणि कोंबडा त्यातलेच, आणि मजीदची रवानगी अनाथाश्रमात झाली.

सिनेमात हे सगळं जॉर्ज मिनिटभरात उरकतो, तेही बायकोने फार खोदून विचारल्यावर.

आता उत्तर. मजीद म्हणतो, मी नाही. त्याचा मुलगा म्हणतो, मीही नाही. माझा दोघांवरही विश्वास आहे. गल्लीतला कॅमेरा जिथे असायला हवा, तिथूनच जॉर्ज चालत जातो आणि त्याला तो दिसत नाही. मला वाटतं, पाठवणारं पात्र या गोष्टीत नाहीच; कॅमेरा हानेकेचा आहे.

मला हा प्रश्न तसा छळत नाही. मी पुन्हापुन्हा बघते ती वेगळी जागा. जॉर्ज मजीदच्या खोलीवर जाऊन त्याला धमकावून येतो आणि आनला सांगतो, तिथे कोणीच नव्हतं. मग त्या भेटीचीच कॅसेट घरी येते. जॉर्ज गेल्यानंतरही ती चालूच आहे : मजीद एकटा बसून रडतोय. तेव्हा आनचा चेहरा बघा. कॅसेट कोणी पाठवली हे तिच्या दृष्टीने कधीच मागे पडलंय. नवरा खोटं बोलला. पन्नाशीला आला तरी थापा मारण्याची पद्धत तीच.

शेवटच्या दृश्यात शाळेच्या पायऱ्यांवर गर्दी आहे. पहिल्या खेपेला मलाही काही दिसलं नव्हतं. जावेला म्हटलं, फोन ठेवू नकोस, शेवट पुन्हा लाव आणि डावीकडे बघ. जॉर्जचा मुलगा आणि मजीदचा मुलगा बोलत उभे आहेत. काय बोलतात ते ऐकू येत नाही.

“अगंबाई! ताई, म्हणजे पोरांनीच ना? थांबा, परत लावते.”

दूध उतू गेल्याचा चर्र आवाज मला इकडे ऐकू आला. तिला नाही.